हरण्या आणि तिसाचा काटा

कोल्हापूरला जाऊन आलो म्हटलं की पुण्यात लोक दोनच गोष्टी विचारतात: देवीचं दर्शन झालं का, आणि रस्सा झेपला का. दर्शन झालं, रस्साही झेपला. पण आठ दिवसांच्या रजेतले चार दिवस मी एका बैलापुढून मोटार नेण्या-आणण्यात घालवले, हे सांगितलं की माणसं आधी माझ्याकडे बघतात आणि मग हळूच मालतीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे. ती म्हणते, "खरं आहे ते." म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढतो.

आधी माझी नोकरी सांगायला हवी. मी वजनमापे निरीक्षक. दुकानदारांचे तराजू तपासायचे, बरोबर असला तर शिक्का मारायचा, नसला तर दंड. "साहेब, मला काय माहीत? घेतला तेव्हापासून असाच आहे," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचा तोंड उघडायच्या आत मी पावतीपुस्तक काढतो. तराजू तुझा ना, मग चूकही तुझीच, हे माझं ठरलेलं उत्तर. खात्यात मला माघारी काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही.

पुणे ते कोल्हापूर

मोटार महिन्यापूर्वीच घेतलेली, जुनी, तिसऱ्या हातची. पुण्यातल्या पुण्यात फिरवली होती, लांबचा प्रवास हा पहिलाच. माझा नियम होता: मोकळ्या रस्त्यावर काटा पन्नासच्या वर न्यायचा नाही, आणि बैलगाडी, सायकल, चालता माणूस दिसला की तीस. तीस म्हणजे तीस. मागून ट्रकवाले शिव्या देत गेले तरी मी ढिम्म.

खंबाटकी घाट उतरल्यावर मला एक गंमत दिसली. रस्त्याकडेचे दगड सांगत होते की आपण घाटापासून चाळीस किलोमीटर पुढे आलो, आणि माझ्या गाडीचा मीटर सांगत होता तीस. मी पुढचे दगड तपासले. तोच प्रकार. मैलाचे दगड काढून किलोमीटरचे बसवले तेव्हा ठेकेदाराने कसेही ठोकून दिले असणार, अशी माझी खात्रीच पटली. मी मालतीला म्हटलं, "बघ, सरकारी दगड! एकही जागेवर नाही."

"सगळेच चुकले?" ती म्हणाली.

"सगळे."

"आणि तुमचा एकटा बरोबर."

पेट्रोलही जरा जास्तच लागत होतं, त्याबद्दल मी साताऱ्याच्या पंपवाल्याशी मापावरून भांडून घेतलं. कोल्हापूरला ठरल्यापेक्षा तासभर आधी पोचलो, तेव्हा सावकाश जाणारा माणूसच कसा वेळेआधी पोचतो, यावर मी मेहुण्याच्या घरी सगळ्यांना व्याख्यान दिलं. आज ते आठवलं की कानाची पाळी गरम होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्याने दूध प्यायला कट्ट्यावर नेलं. इथे म्हैस तुमच्यासमोर उभी करतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाने भरलेला पेला तसाच हातात देतात. आमच्याकडे दूध बाटलीतून येतं आणि म्हैस कुणाची हे देवाला ठाऊक. पण माझी खोड जाते कुठे! मी म्हटलं, "फेस बसू द्या, मग माप भरा."

गवळी म्हणाला, "फेस बसवायचा तर हितं कशाला आलासा, पावणं? घरात बसून प्या की." आणि शेजारचे सगळे हसले. दूध मात्र असं होतं की मी दुसरा पेला फेसासकट गपचूप प्यायलो.

कुरुंदवाडच्या वाटेवर

त्याच दिवशी आम्ही कुरुंदवाडला निघालो. कृष्णा-पंचगंगेचा संगम बघायचा आणि मालतीला कृष्णाकाठची वांगी घ्यायची होती. गडमुडशिंगी मागे टाकलं आणि दोन्ही बाजूंना उसाशिवाय काही दिसेना. हंगाम ऐन भरात होता. कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांगच्या रांग, एकेकीवर माणसाच्या दुप्पट उंचीची मोळ्यांची थप्पी, आणि उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, खाली लोंबत रस्ता झाडत चाललेलं. मी प्रत्येक गाडीला तिसावर येत होतो, हॉर्न देत होतो आणि पुढे जात होतो.

कुरुंदवाड दोन-तीन मैलांवर राहिलं असेल. एक गाडी एकटीच चालली होती. मी काटा तिसावर आणला, हॉर्न दिला, आणि शेजारून निघालो. उजवीकडचा पांढरा बैल एकदम ताठ झाला. त्याने जोडीदाराला ढकललं, दोघं मिळून डावीकडे धावले, गाडीचं चाक रस्त्याखाली उतरलं आणि सगळा ऊस कडाकडा मोडत चरीत कोसळला. गाडीवान कुठे दिसेना. मालती किंचाळली. मी ब्रेक असा दाबून धरला होता की गाडी थांबली तरी मला कळलं नाही.

गाडीवान उसाच्या पलीकडून उठला. पंचविशीचा पोरगा, गुडघ्यातून रक्त येत होतं. स्वतःकडे न बघता तो आधी बैलांकडे धावला आणि त्यांचे पाय चाचपू लागला. नाव शिवगोंडा, हे पाच मिनिटांत कळलं, कारण पाच मिनिटांत तिथे पन्नास माणसं जमली. शेतातून माणसं कशी उगवतात कोण जाणे.

"गाडी हाय का उडतं इमान हाय वो तुमचं?"

"उतरा की खाली! बघा की काय केलासा!"

मी उतरलो. भीती वाटत होती, आणि मला भीती वाटली की माझा आवाज चढतो. "मी तिसाने चाललो होतो!" मी ओरडलो. "तीस! काटा बघून सांगतोय. मी वजनमापे निरीक्षक आहे, मापात चूक करणारा माणूस नव्हे मी!"

एवढ्यात शिवगोंडाचा थोरला भाऊ आला. सगळे त्याला अण्णा म्हणत होते. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगात स्वच्छ पांढरा सदरा. गावात त्याचं भुसार मालाचं दुकान होतं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

"मापाचं सायब?" तो म्हणाला. "तराजूवर शिक्का मारणारं?"

"हो."

"किती वेगानं गेलासा म्हणालासा?"

"तीस."

अण्णा लोकांकडे वळला. "ह्या माणसांच्या शिक्क्यावर आमचं दुकान चालतंय. ती खोटं बोलत न्हाईत. तिसानं मोटार गेली आन् बैल बुजला, म्हंजे बैलच बुजरा. आज चरीत गेला, उद्या कॅनॉलात घालंल. उद्या बाजार हाय, हरण्याला बाजार दावायचा."

शिवगोंडा तसाच बैलाला बिलगून उभा होता. "अण्णा, हरण्या बुजरा न्हाय! वासरू हुता तवापासनं मी वाढीवलाय. एष्टी जातीया, ट्रक जात्यात, कधी कान हलीवला न्हाय." मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सायब, तुमची मोटार तिसाची नव्हती. वारं लागलं मला. तिसाचं वारं असं लागत न्हाय."

मला राग आला. खरंच आला. पोरगा रक्ताळलेल्या गुडघ्याने उभा होता आणि मी त्याला म्हटलं, "वाऱ्याने वेग मोजतात का? काटा आहे त्याला!"

तो पुन्हा बैलाचे पाय चाचपू लागला. आम्ही सगळ्यांनी मिळून गाडी वर काढली, मीही खांदा लावला, आणि मग आम्ही कुरुंदवाडला गेलो. संगम पाहिला. एका घरगुती खानावळीत भरलं वांगं समोर आलं, तेलात चमचमणारं. मालतीने ताटाला हात लावला नाही.

परतीचे दगड

परतताना मालती म्हणाली, "तुमचं घड्याळ द्या."

"कशाला?"

"द्या तर."

तिने घड्याळ हातात धरलं आणि म्हणाली, "काटा तिसावर ठेवा. हलवू नका." तिसाने किलोमीटरला दोन मिनिटं लागतात, हे मी तिला सांगायची गरज नव्हती, ती हिशेबात माझ्यापेक्षा पक्की आहे. एक दगड गेला. दुसरा आला.

"दीड मिनिट," ती म्हणाली.

"दगड चुकीचे आहेत."

"पुढचा मोजू." पुढचाही दीड मिनिट. त्याच्या पुढचाही. सहा दगड मोजले. मग ती शांतपणे म्हणाली, "दगड जवळजवळ ठोकले असतील, हो. मग आपण काल तासभर आधी कसे पोचलो? कोल्हापूरही जवळ सरकवलं ठेकेदाराने?"

दीड मिनिटात किलोमीटर, म्हणजे चाळीस. काटा तीस सांगत होता आणि मी चाळीसने जात होतो. त्या पोराला लागलेलं वारं चाळीसचं होतं.

सकाळी सातला मी दस्तगीर मिस्त्रींच्या दारात उभा. मोटारींचे मीटर दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कोल्हापुरात कुणी नाही, असं मेहुणा म्हणाला होता. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवून मीटर खोलला आणि दोन मिनिटांत हसले.

"साहेब, मीटर झकास हाय. पर ह्या गाडीचा न्हाय."

"म्हणजे?"

"बारक्या चाकाच्या गाडीचा काढून बसवलाय कुणीतरी. बारकं चाक लई गरगरतं, तुमचं चाक मोठं, कमी फिरतं. त्यो बिचारा त्याच्या हिशेबानं मोजतोय. त्याला काय ठावं त्याला कुठं बसवलंय?"

"मला काय माहीत? घेतली तेव्हापासून अशीच आहे," मी म्हणालो. आणि शब्द तोंडातून बाहेर पडले तसा मी तिथल्या बाकावर मटकन बसलो.

नवा मीटर मिळायला आठवडा लागला असता. मी बैलाची सगळी हकीकत सांगितली, तेव्हा मिस्त्रींनी काचेवर जाड खाकी कागद चिकटवला. "आता रस्त्याकडं बघून चालवा. आन् उशीर करू नगा, बाजारात दलाल लवकर येत्यात."

बाजार

तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. जनावरांचा बाजार दहापर्यंत मोडतो, असं मिस्त्री म्हणाले होते. कुरुंदवाडच्या त्या बाजारापर्यंत पन्नास किलोमीटर जायचं होतं आणि रस्ता उसाच्या गाड्यांनी भरलेला. जीव म्हणत होता दाब, आणि दाबायची सोय नव्हती. दाबली म्हणून तर हे सगळं झालं! मालती घड्याळ घेऊन बसली होती. प्रत्येक दगडाला ती सांगायची, "बरोबर आहे," किंवा "वाढतेय, वाढतेय." गाडी दिसली की मी लांबूनच हळू व्हायचो, हॉर्नला हात लावायचा नाही, गाडीवान हात करेपर्यंत मागे थांबायचं. एकाने तर हात करायला अर्धा मैल लावला. पुढे मेंढरांचा कळप आडवा आला. इंजिन बंद करून बसलो. मेंढरं संपता संपेनात.

"साडेनऊ," मालती म्हणाली.

"मला सांगू नकोस."

पोचलो तेव्हा बाजार अर्धा उठला होता. एका चिंचेखाली हरण्या उभा होता, शिंगांना लावलेला हुरमुंजाचा तांबडा रंग अजून ओला. शेजारी शिवगोंडा खाली मान घालून. आणि अण्णा आणि एक दलाल समोरासमोर, दोघांचे हात उपरण्याखाली. इथे बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरतो, आणि हात आत असेतो तिसऱ्याने बोलायचं नसतं. मला हे ठाऊक होतं. बाजारातच माझी हयात गेली आहे.

"थांबा!" मी ओरडलो.

अख्खा बाजार वळला. दलालाने असं काही पाहिलं, जणू मी त्याच्या घरात चपला घालून शिरलोय.

"अण्णा, माझा मीटर खोटा आहे. मी चाळीसने गेलो. बैलाची चूक नाही, माझी आहे."

अण्णाचा हात उपरण्याखालून हळूहळू बाहेर आला. त्याने हरण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "काल तीस. आज चाळीस. उद्या काय म्हणालासा तर मी काय करायचं? मला दावा. खऱ्या तिसानं हरण्यापुढनं जावा, हॉर्न मारून. हलला न्हाय तर घरी न्हेतो."

बाजाराबाहेर रस्त्यावर दुसऱ्या दगडापाशी हरण्याला उभं केलं. शिवगोंडाच्या हातात कासरा, सैल सोडलेला. मी पहिल्या दगडापासून निघालो. मालती सेकंद मोजत होती. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. बैल दिसू लागला, मोठा होत गेला. मी हॉर्न दिला.

हरण्या उधळला. कासरा शिवगोंडाच्या हातातून सुटला, बैल शेळ्यांच्या घोळक्यातून, मडकीवालीच्या उतरंडीशेजारून सुसाट गेला, आणि तो पोरगा दुखऱ्या गुडघ्याने त्याच्या मागे. लांब बांधावर त्याने बैलाच्या गळ्याला मिठी मारली तेव्हा तो थांबला.

"दोन मिनिटं," मालती पुटपुटली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमचं बरोबर तीस होतं."

मी उतरलो. कोल्हापूरकडची माणसं गप्प बसली की फार भीती वाटते. शिवगोंडा बैल घेऊन आला. तो थेट माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"काल बुजरा नव्हता, सायब," तो म्हणाला. "काल म्या सांगितलं, कुणी आयकलं न्हाय. आज झालाय बुजरा."

मी खिशात हात घातला. दुसरं काही सुचेना. अण्णाने तिथेच माझं मनगट धरलं.

"पैसं नगं. आमचा तराजू खोटा निघाला तर तुम्ही दंड घेतासा की न्हाय?"

"घेतो."

"मला ठावं नव्हतं म्हटलं तर सोडतासा?"

"नाही."

"मग आता तुम्ही काय भरणार, ते सांगा."

मी हरण्याकडे पाहिलं. त्याच्या अंगावरचं कातडं अजून थरथरत होतं. "चार दिवस द्या मला," मी म्हटलं. "चार दिवस रजा उरलीय. मी बिघडवलाय, मीच सुधारतो."

दलाल हसला. अण्णा हसला नाही. त्याने उपरणं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "चार. पाचव्या दिवशी न्हाय."

चार दिवस

पहिल्या दिवशी मोटार नुसती गोठ्याशेजारी उभी केली, इंजिन बंद. हरण्याने दुपारपर्यंत गव्हाणीला तोंड लावलं नाही. शिवगोंडाची आई, तिला घरात सगळे अव्वा म्हणत, बाहेर आली, आम्हाला भाकरी-ठेचा दिला आणि म्हणाली, "त्याची वैरण तिच्यावरच टाका की. भूक लागली की येतंय." शिवगोंडाने उसाचं वाडं मोटारीच्या बॉनेटवर पसरलं. संध्याकाळी हरण्या आला. एक घास ओढला आणि चार पावलं मागे पळाला. मग पुन्हा आला. काळोख पडेपर्यंत मोटारीला ओरखडे पडले होते आणि वाडं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी इंजिन चालू. खरं सांगतो, मी आयुष्यात कुठल्याही साहेबासमोर इतका अवघडून बसलो नाही. बैलाचे कान मागे गेले की इंजिन बंद, पुढे आले की चालू. तिसऱ्या दिवशी चालत्या माणसाच्या वेगाने पुढून नेली. मग जरा वाढवून. किती वाढवायची हे शिवगोंडा हाताने दाखवायचा, आणि मी त्याच्या हाताकडे आणि बैलाच्या कानांकडे बघायचो. कागदाखालचा काटा काय म्हणत असेल, त्याची मला आठवणही आली नाही. दुपारी हॉर्न सुरू केला, आधी अर्ध्या मैलावरून. त्या पहिल्या हॉर्नला हरण्याने दाव्याला असा हिसका दिला की खुंटी उपटली. मला वाटलं, संपलं.

"पुन्यांदा," शिवगोंडा म्हणाला. तो माझ्याशी आपणहून बोललेला तीन दिवसांतला पहिला शब्द.

पुन्हा मारला. वीसदा, तीसदा. मालतीने मोजले होते, मी नाही.

चौथ्या दिवशी दुपारी अण्णा दुकान बंद करून आला आणि माझ्या शेजारी मोटारीत बसला. मालती मागे, घड्याळ घेऊन. रस्त्याकडेला पुढच्या दगडापाशी हरण्या, शिवगोंडाच्या हातात कासरा सैल. आम्ही दगडापासून निघालो. अण्णाने कागद चिकटवलेल्या मीटरकडे पाहिलं.

"किती हाय आता?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "बैलाला विचारू."

मी हॉर्न दिला. हरण्याचा एक कान आमच्याकडे वळला. आम्ही शेजारून गेलो. मी आरशात बघत होतो. तो रवंथ करत होता. कान पुन्हा जागेवर गेला.

"दोन मिनिटं," मागून मालती म्हणाली, आणि रडायलाच लागली.

अण्णा उतरला. हरण्यापाशी जाऊन त्याने त्याच्या वशिंडावर थाप मारली आणि शिवगोंडाला म्हणाला, "जुंप. ऊस वाळायला लागलाय." तेवढंच. माझ्याकडे वळून म्हणाला, "दंड पोचला, सायब."

शिवगोंडाने जोडी जुंपली, भरलेली गाडी रस्त्यावर काढली. आम्हालाही त्याच वाटेने जायचं होतं. मी मोटार त्याच्या मागे लावली. रस्ता पुढे मोकळा होता. शिवगोंडाने वळून पाहिलं आणि हात केला, जावा की पुढं.

मी गेलो नाही. कारखान्याच्या फाट्यापर्यंत त्या उसाच्या थप्पीमागून बैलाच्या चालीने गेलो. मागे एक ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. त्याला पुढे जाऊ देईतो शिवगोंडाची गाडी वळून आत गेली होती.